हवेचा हिशेब

आमच्या घरी खर्चाच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. १९८९ साली लग्न होऊन मी परभणीहून हैदराबादला, काचीगुड्याच्या घरात आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी एक लांबट लाल वही हातात दिली. म्हणाल्या, "रोजचं रोज लिहायचं बाई. उद्यावर टाकलं की गेलं." तेव्हापासून लिहितेय. दूध, भाजी, किराणा, पाहुणे, शाळेची फी, मंदिरात दिलेलं, आणि शेवटी 'औषध'. हे शेवटचं सदर सुरुवातीला अगदी किरकोळ होतं. बाम, सर्दीच्या गोळ्या, मुलांची डोस देण्याची औषधं. १९९६ च्या डिसेंबरात पहिल्यांदा नोंद दिसते ती 'ह्यांचा पंप' अशी.

पंप म्हणजे दम्याचा, तोंडात धरून ओढायचा. आमच्या ह्यांना विडी-सिगारेट माहीत नाही, तंबाखू नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुकान कुठे? बेगम बाजार. घर कुठे? काचीगुडा. मग त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. त्यानंतर दर हिवाळ्यात वहीतलं ते सदर वाढत गेलं. ज्यांच्या घरात श्वासाचं दुखणं आहे त्या बायकांना सांगायला नको. थंडी पडली की सकाळी धूर खाली बसतो, वर जातच नाही. कचरा पेटवलेला असतो, रस्त्याची धूळ असते, आणि पहाटे तीनला शेजारचा माणूस उठून बसतो.

२०११ च्या सुमारास एक कॉलेजची मुलगी फॉर्म घेऊन दारात आली. हवेमुळे होणाऱ्या आजारांवर घरटी किती पैसे जातात याची पाहणी होती. मला आनंदच झाला, कारण माझ्याकडे वही तयार! औषधं, डॉक्टर, तपासण्या, रिक्षा, सगळं तारीखवार सांगितलं. मग तिनं ह्यांना विचारलं, कामाचे दिवस किती बुडाले? तेवीस. दिवसाची कमाई किती? त्यांनी अंदाजे सांगितली. तिनं गुणाकार केला. मग माझ्याकडे वळली, "आंटी, आप काम पे जाते?" मी म्हटलं, घरीच असते. तिनं फॉर्मवर दोन अक्षरं लिहिली. मी चष्मा लावून पाहिलं, 'एन.ए.' म्हणजे काय गं? "नॉट ॲप्लिकेबल, आंटी." लागू नाही.

मुलगी गोड होती. चहा घेऊन गेली. पण ती दोन अक्षरं काही माझ्या डोक्यातून गेली नाहीत. बी.ए.ला मी अर्थशास्त्र आणि इतिहास घेतला होता, त्याचा उपयोग तोवर फक्त मुलांचा अभ्यास घेण्यापुरता झाला होता. ठरवलं की हा हिशेब कोण करतं, कसा करतं आणि कधीपासून करतं ते बघायचं. पुढची काही वर्षं मी अधूनमधून हेच वाचत होते. मुलगा अहवाल काढून द्यायचा, मी दुपारी शब्दकोश घेऊन बसायची.

आणि गंमत अशी, की हा हिशेब सुरू झाला तोच मुळी बायकांच्या कामापासून. धुण्यापासून!

इंग्लंडमधलं मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं, धुराड्यांचं गाव. तिथल्या हवा प्रदूषण सल्लागार मंडळानं १९१८ साली एक साधी पाहणी केली. मँचेस्टरमधली काही कामगारांची घरं घेतली, आणि हॅरोगेट नावाच्या स्वच्छ हवेच्या गावातली तशीच घरं घेतली. दोन्हीकडे कपडे धुवायला आठवड्याला किती खर्च येतो ते विचारलं. मँचेस्टरच्या घरात दर आठवड्याला साडेसात पेन्स जास्त जात होते, कारण वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची आणि ते पुन्हा धुवावे लागायचे. सगळ्या शहराचा मिळून हा आकडा वर्षाला २ लाख ९० हजार पौंडांच्या वर गेला. यात साबण, सोडा आणि पाणी तापवायचं जळण एवढंच धरलं होतं. धुणाऱ्या बाईची जास्तीची मेहनत धरलेली नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवूनही ठेवलं आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. शंभर वर्षांपूर्वी त्या फॉर्मवरही 'लागू नाही'च.

त्याच्या आधी पाच वर्षं, १९१३ मध्ये, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात धुरामुळे होणारं वर्षाचं नुकसान जवळजवळ एक कोटी डॉलर काढलं होतं. त्यातही धुलाई होती, दुकानातला खराब झालेला माल होता, दिवसाढवळ्या लावावे लागणारे दिवे होते. माणसाच्या फुप्फुसाची किंमत मांडायचं तेव्हा कुणाला नीटसं जमत नव्हतं. पडदा काळा झाला की दिसतो. छाती काळी झालेली कोण बघणार?

ती दिसली १९५२ साली. ५ ते ९ डिसेंबर हे पाच दिवस लंडनवर धूर आणि धुकं एकत्र बसून राहिलं. आधी चार हजार माणसं गेली असं म्हणत, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. सरकारनं बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं १९५४ मध्ये सांगितलं की घाणेरड्या हवेपायी देशाचं वर्षाला सुमारे २५ कोटी पौंडांचं नुकसान होतंय. दोन वर्षांत स्वच्छ हवेचा कायदा झाला. मेलेल्या माणसांपेक्षा २५ कोटींचा आकडा सरकारला जास्त टोचला असेल का? कोण जाणे. पण आकडा हातात असला की कायदा मागणाऱ्याचं काम सोपं होतं, हे मात्र दिसतं.

आता आपल्या गावाकडे येते. खराब हवा आणि हैदराबाद यांचं एक जुनं नातं आहे. मलेरिया हा शब्द इटालियन, त्याचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेनं ताप येतो असं शेकडो वर्षं लोक समजत होते. तो समज मोडला तो इथं, बेगमपेटला. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. त्यांना पुढे १९०२ साली नोबेल मिळालं. म्हणजे तापाच्या आरोपातून हवेची सुटका झाली ती आपल्या शहरात, आणि नंतर त्याच शहरात दुसऱ्या आरोपासाठी तिला पुन्हा पिंजऱ्यात उभं करावं लागलं. निजामाच्या काळात हुसेनसागरच्या काठी कोळशावरचं वीजघर होतं. आज त्या बाजूला एन.टी.आर. गार्डन आहे. आझमाबाद, सनतनगर इथं कारखाने आले. १९७० नंतर पाटनचेरु आणि बोलारमला औषधांचे, रसायनांचे कारखाने उभे राहिले. मग स्कूटर, रिक्षा, ट्रक, आणि आता तर गल्लीगल्लीत दोन-दोन मोटारी.

जुन्या लोकांकडे स्वच्छ हवेची किंमत ठरवायची एक रीत होती. तिला म्हणत हवापालट. क्षयाच्या माणसाला डॉक्टर सांगायचे, हवा बदला. इथल्या लोकांसाठी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर क्षयाचं आरोग्यधाम होतं. ज्यांची ऐपत होती ते महिनाभर घर घेऊन राहायचे. सोबत स्वयंपाकाला घरातली एखादी बाई जायचीच, बहुधा सून किंवा विधवा नणंद. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'पैसे मोजण्याची तयारी' नावाची पद्धत आहे. स्वच्छ हवेसाठी माणूस खिशातून किती काढायला तयार आहे, यावरून तिची किंमत ठरवायची. मला ते वाचताना हवापालटच आठवला. आणि लगेच हेही आठवलं, की ज्यांच्याकडे मोजायला काही नव्हतं त्यांना काय हवा नको होती?

याचं उत्तर बघायचं तर मृग नक्षत्राला नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर जावं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. बत्तिनी गौड कुटुंब दम्यावर मासोळीचं औषध देतं. १८४५ पासून देतोय असं ते सांगतात. औषध एक पैसा न घेता देतात. छोट्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध घालून तो रोग्याला गिळायला लावतात. आपल्यासारख्या शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून देतात. त्यानं दमा बरा होतो का, या वादात मी पडत नाही. डॉक्टर लोक नाही म्हणतात, वैज्ञानिक दृष्टीची मंडळी कोर्टापर्यंत गेली, आणि तरी रांगा लागतातच.

एका वर्षी माझ्या माहेरच्या नात्यातल्या एक मावशी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन जिंतूरहून आल्या होत्या. गुळातलं औषध घ्यायला. तिघंजण होते, मुलाचे वडीलही. पाच दिवस आमच्याकडे राहिले. मावशी रात्री जेवल्यावर हिशेब सांगत होत्या: रेल्वेचं भाडं, वडिलांचा आठवड्याचा रोज बुडालेला, मुलाची शाळा सुरू व्हायच्या वेळेला गेलेले दिवस, येताना उसने घेतलेले पैसे, त्याचं व्याज. "औषध फुकटात आहे म्हणतात गं, पण आम्हाला दीड महिन्याच्या किराण्याला पडलं." पुढे औषधाचं पंचेचाळीस दिवसांचं पथ्य. ते सांभाळायला वेगळा स्वयंपाक. मावशींनी किती नेमका अभ्यास केला होता ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, जेव्हा पुस्तकात 'आजाराचा खर्च' ही पद्धत वाचली. उपचाराचा पैसा, प्रवास, बुडालेली मजुरी, असे सगळे भाग करून बेरीज करायची. मावशी चौथी पास होत्या. एकच गोष्ट त्यांनीही मोजली नाही. स्वतःची. आणि मीही पाच दिवस तीन जास्तीची ताटं वाढली, ते वहीत फक्त 'पाहुणे, किराणा' म्हणून आलंय.

आता मोठ्या हिशेबाकडे. भारतातला पहिला मोठा आकडा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडला. १९९२ च्या सुमाराचं चित्र होतं. शहरांतल्या हवेमुळे वर्षाला सुमारे चाळीस हजार माणसं वेळेआधी जातात, आणि त्या मृत्यूंची व आजारांची किंमत वर्षाला १३० कोटी डॉलर. हा आकडा कसा काढतात ते समजून घेतलं तर फार अवघड नाही. हवेत बारीक कण किती आहेत ते मोजायचं. कण म्हणजे किती बारीक, तर पी.एम. २.५ हा आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा. मग ती हवा किती माणसं घेतात ते पाहायचं. कण इतके वाढले की दवाखान्यात माणसं इतकी वाढतात, मृत्यू इतके वाढतात, हे गणित आधीच्या अभ्यासांतून घ्यायचं. शेवटी प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक मृत्यूला किंमत लावायची.

पहिल्या तीन पायऱ्या शास्त्राच्या. खरी भांडणं चौथीवर.

आधीच्या अभ्यासांतलं गणित घेतात असं म्हटलं, पण ते बहुतेक परदेशातलं. दिल्लीच्या १९९१ ते १९९४ च्या मृत्यूंचा अभ्यास जागतिक बँकेच्याच काही मंडळींनी केला तेव्हा एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. अमेरिकेत धुरामुळे मरतात ती मुख्यतः म्हातारी माणसं. दिल्लीत सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो १५ ते ४४ या वयात. म्हणजे पोरंबाळं लहान असलेले आईबाप. एका मृत्यूमागे गेलेली वर्षं मोजली तर आपली तूट कितीतरी मोठी. वहीतला आकडा तोच, पण मागचं घर वेगळं.

हैदराबादचाही असा अभ्यास झाला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गच्चीबावलीच्या ई.पी.टी.आर.आय. या पर्यावरण प्रशिक्षण संस्थेनं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या मदतीनं तो केला, आणि आरोग्याचा भाग इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सिस्टिम्सनं सांभाळला. बस वाढवल्या, इंधन बदललं, कारखान्यांत नैसर्गिक वायू आणला तर किती आजार टळतील आणि किती पैसे वाचतील, असा उलटा विचार त्यात होता. मला ही रीत आवडली. घरातही आपण नुसतं 'किती गेले' म्हणत बसत नाही, 'गळका नळ दुरुस्त केला तर किती वाचतील' हेच बघतो. पुढे २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासानं २०१० सालचं हैदराबाद मांडलं. हवेतल्या कणांमुळे वर्षाला अंदाजे ३,७०० माणसं वेळेआधी गेली, आणि दम्याचे झटके अंदाजे २ लाख ८० हजार.

दोन लाख ऐंशी हजार झटके. त्यातले काही आमच्या घरातले. एक झटका म्हणजे काय असतं ते सांगते. रात्री दोन-तीनला खोकल्याचा आवाज बदलतो. मी उठते, दिवा लावते, वाफेचं मशीन काढते, औषधाची कुपी फोडते. दहा-पंधरा मिनिटं मशीन घरघरतं. ह्यांना बोलता येत नाही, नुसते डोळे. मग पाठीला उशा लावून बसवते, कोमट पाणी, पुन्हा मशीन धुऊन ठेवणं. झोप लागेपर्यंत साडेचार. साडेपाचला पाण्याची वेळ. फॉर्मवर हा एक झटका म्हणजे एका कुपीची किंमत.

आकडे मग वाढतच गेले. २०१३ मध्ये जागतिक बँकेनं २००९ सालचा हिशेब दिला: बाहेरच्या हवेमुळे सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपये, घरातल्या धुरामुळे सुमारे ९० हजार कोटी. डिसेंबर २०२० मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात आपल्याच आय.सी.एम.आर. वगैरे संस्थांच्या अभ्यासकांचा लेख आला. २०१९ या एका वर्षात देशात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेशी जोडलेले. पैशात २ लाख ६० हजार कोटी रुपये, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या १.३६ टक्के. हा हिशेब मुख्यतः बुडालेल्या उत्पादनाचा. मेलेला किंवा आजारी माणूस जे कमावून देशाच्या उत्पन्नात घालणार होता ते किती, या प्रश्नाचं उत्तर.

दुसरी पद्धत अशी. समजा एक लाख माणसांना विचारलं की तुमच्यापैकी एकाचा मृत्यू टळेल असा उपाय केला तर प्रत्येकी किती द्याल? प्रत्येकानं पाचशे म्हटलं, तर एका जिवाची किंमत पाच कोटी धरायची. या पद्धतीत न कमावणाराही मोजला जातो, हे बरं. पण श्रीमंत देशातला माणूस जास्त देऊ शकतो म्हणून त्याचा जीव महाग, आणि आपला स्वस्त. १९९५ मध्ये हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालाच्या मसुद्यात गरीब देशातल्या माणसाच्या जिवाची किंमत श्रीमंत देशातल्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकी धरली होती. मोठा गदारोळ झाला. तेव्हाचे आपले पर्यावरण मंत्री कमल नाथ यांनीही पत्र लिहून हरकत घेतली.

कमाईवर मोजलं तर बाई मोकळी राहते, तयारीवर मोजलं तर गरीब. गरीब बाईचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

घरकामाची काही एक किंमत धरणारे अभ्यासकही आहेत, नाहीत असं नाही. पण या प्रश्नावर सगळ्यात सरळ बोललं ते आपलं सर्वोच्च न्यायालय, आणि तेही हवेच्या नव्हे, अपघाताच्या खटल्यांत. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या कोष्टकात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५ हजार धरलं होतं. न कमावणारी बायको असेल तर नवऱ्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा. म्हणजे नवरा शिपाई तर तिचा स्वयंपाक स्वस्त, नवरा साहेब तर तीच भाकरी महाग! जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात २००१ मध्ये गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३ हजार रुपये ठरली. २०१० च्या एका निकालात न्यायमूर्तींनी जनगणनेच्या कोष्टकावरच बोट ठेवलं. त्यात गृहिणींना 'काम न करणाऱ्या' लोकांत, भिकारी आणि कैदी यांच्याच रांगेत बसवलं होतं. जानेवारी २०२१ च्या निकालात तर आकडे आहेत. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ सोळा कोटी बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम सांगितलं, पुरुष अठ्ठावन्न लाखांच्या आत. आणि २०१९ च्या वेळेच्या पाहणीप्रमाणे बाई घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. बिनपगारी. आमच्या ह्यांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "९७ जरा जास्तच वाटतात."

धुराचा विषय निघाला आणि चुलीबद्दल लिहिलं नाही तर सासूबाईंवर अन्याय होईल. त्यांचं लहानपण आणि लग्नानंतरची पंधरा वर्षं चुलीवर गेली. उतारवयात त्यांना जो खोकला होता तो ह्यांच्याहून वाईट. त्यांनी कधी तो आजारात धरला नाही. "चुलीचा आहे," एवढंच म्हणायच्या, जणू चूल ही सासरची माणूस. त्यांचं औषध वहीत फारसं सापडत नाही, कारण त्या घ्यायच्याच नाहीत. खर्चाच्या हिशेबात त्या धडधाकट! इथं १९९९ मध्ये आंध्र सरकारनं दीपम योजना आणून गरीब घरातल्या बायकांना गॅसची जोडणी दिली, २०१६ मध्ये देशभर उज्ज्वला आली. लॅन्सेटच्या त्याच लेखात आहे की १९९० ते २०१९ या काळात घरातल्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ६४ टक्क्यांनी उतरलं, आणि बाहेरच्या हवेमुळे होणाऱ्यांचं ११५ टक्क्यांनी चढलं. चुलीतून जे वाचवलं ते रस्त्यावर गेलं. २०१९ पासून केंद्राचा स्वच्छ हवेचा कार्यक्रम आहे. त्यातल्या शहरांच्या यादीत हैदराबाद, नलगोंडा, पाटनचेरु ही आपल्याकडची नावं आहेत.

मी २०१७-१८ चा हिवाळा वहीतून काढून बघितला. त्या वर्षी बाजाराच्या रस्त्यावर बांधकाम चालू होतं आणि ह्यांना तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांच्या फिया ३,०००. पंप २,६००. वाफेचं मशीन १,९००. दवाखाना २३,५००. तपासण्या ३,४००. रिक्षा १,१००. एकूण ३५,५००. दुकानाचे अकरा दिवस वेगळे. मग मी आठवून आठवून रात्री मोजल्या. चाळीस तरी असतील. आमच्या भागात तेव्हा रात्रीची आया पाचशे रुपये घ्यायची. वीस हजार झाले. त्यात दिवसाचा काढा, वाफारा, वेगळा स्वयंपाक, दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसलेलं घर, रोज बदललेल्या चादरी हे काहीच नाही. मँचेस्टरच्या बायकांचं धुणं माझ्या वहीतूनही सुटलंच होतं की.

धाकट्या जावेला हे सगळं सांगितलं तर ती हसली. "वहिनी, नवऱ्याची सेवा काय आया म्हणून धरायची?" तिचं म्हणणंही मला कळतं. मायेला भाव लावला की ती बाजारात आल्यासारखी वाटते. मी दोन दिवस विचार केला. पण मी बिल ह्यांना देतच नाहीये. ह्यांनी काही धूर केलेला नाही. बिल आहे ते हवा घाण करणाऱ्यांच्या नावावर, आणि त्यात रक्कम कमी दिसली की त्यांना वाटतं, चाललंय तेवढं चालेल. फिल्टर बसवायचा खर्च कागदावर पूर्ण दिसतो आणि समोरच्या पारड्यात माझ्या रात्री नसतात. मग पारडं कुठं झुकणार? जावेला एवढं सांगितलं. तिनं विषय बदलला, पण दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की आयाचा भाव आता काय चाललाय.

यंदा दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीत मी औषधाच्या पुढे एक रेघ ओढून 'तास' असा रकाना केला. ह्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रात्रीची त्यातली पहिली नोंद आहे: पंप, मशीन, चादर. दोन तास दहा मिनिटं.